टॉवेल-टोपीची खुर्ची

रतनबाईनं नवऱ्याचं नाव सरळ कधी घेतलं नाही. आमच्या भाजे गावात तिच्या वयाच्या बायका घेतच नाहीत. कुणी सरकारी माणूस दारात येऊन विचारू लागला, की ती शेजारच्या माझ्या शिलाईच्या दुकानाकडे बोट करायची. मग मी मशीन थांबवून ओरडायचे, "अंबाजी!"

हा अंबाजी जमिनीच्या भांडणात एकाच्या डोक्यात पहार घालून जन्मठेपेवर गेला. पहिल्या भेटीला रतन एकटीच पुण्याच्या तुरुंगात गेली. खिडकीवरच्या हवालदारानं कैद्याचं नाव विचारलं आणि हिची जीभ टाळ्याला चिकटली. मागं रांग खोळंबली. शेवटी पदर सावरून हिनं चक्क उखाणा घेतला:

"दगडाची भिंत, लोखंडाचं दार,
अंबाजीरावांचं नाव घेते, भेटू द्या हवालदार."

रांग हसली म्हणे. पण हवालदारानं आत सोडलं. पुढं कितीतरी वर्षं ती भेटीला जात राहिली. दुसऱ्यांच्या खाचरात भात लावायची, घरी येऊन चुलीशी बोलायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

अंबाजी सुटला, आठ दिवस घरी राहिला आणि नवलाख उंबरे गावाला एका कंपनीवर राखणदार म्हणून गेला तो तिकडचाच झाला. भांडण नाही, दुसरी बाई नाही. "घरात झोप येत न्हाई," एवढंच म्हणाला. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. रतनला येत नसे. "सवय मोडलीय त्यांची," म्हणायची आणि दोघांचा भात टाकायची.

लोणावळ्याच्या एका बंगल्यात ती स्वयंपाकाला जाते. तिथल्या बाई कादंबऱ्या लिहितात. त्यांनी रतनला विचारून तिची गोष्ट लिहिली आणि आता त्या कादंबरीचं गाण्यांचं नाटक झालं. नावं बदलली, शेवट गोड केला. दुसऱ्याच्या गोष्टीचा शेवट गोड करायला काय जातं!

पहिला प्रयोग लोणावळ्यात, शाळेच्या हॉलमध्ये. बाईंनी दोन पास दिले, "जोडीनं या." रतननं एक पास ट्रकवाल्या आदिनाथबरोबर नवलाख उंबऱ्याला धाडला. अंबाजी म्हणाला, "बघू." त्या एका शब्दावर ती हवेत तरंगत होती.

"रतन, लय आस लावू नको," मी म्हटलं.

"भाभी, आपलीच गोष्ट हाय. ती बघाया तरी येतील. आन एकदा बघितली, की तितनं घरीच येतील."

मला कुणी पास दिला नव्हता, मी तिकीट काढून गेले. खुर्च्यांना नंबर नव्हते. रतननं पिशवीतून नवा कोरा टॉवेल आणि टोपी काढली. घरी आलेल्या पुरुषमाणसाचा मान करावा तसा ती त्याचा करणार होती. टॉवेलवर टोपी ठेवून तिनं शेजारची खुर्ची धरली. हॉल भरत गेला. जो तो विचारी, "मावशी, हितं कोन हाय का?" ती म्हणे, "आमचं मानूस येतंय."

पडदा उघडला. तुरुंगाच्या खिडकीशी उभी राहून नटीनं तो उखाणा गाण्यात म्हटला. उखाणा रतनचा, नाव भलत्याचंच. लोक पोट धरून हसले. रतन दाराकडे बघत होती. मध्यंतरात मी चहा आणला, तो तिच्या हातात गार झाला.

शेवटी रंगमंचावरचं मोठं दार उघडलं. नायक बाहेर आला, नायिका धावली, दोघं गात गात घराकडे निघाले. रतन बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला तिनं हात केला आणि टॉवेल-टोपी उचलली.

"बसा आबा."

"कुनाची जागा हाय?"

"अंबाजीची," ती म्हणाली. "अंबाजी न्हाई यायचा."

उखाणा नाही, राव नाही. एवढ्या वर्षांच्या शेजारात ते नाव तिच्या तोंडून असं मी पहिल्यांदा ऐकलं. टाळ्यांचा कडकडाट चालला होता. रतननं नव्या टॉवेलची घडी मोडली आणि तोंड पुसलं.