बाबांनी परत आणायला लावलेली बॉर्डर

आज डोकं फिरलंय.

लालबागच्या आमच्या वाचनालयासाठी मी पुस्तकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर बनवलंय. विंडोची ती ठोकळेबाज बॉर्डर आणि वरचा नावाचा पट्टा, टायटल बार, मला बघवत नव्हते. आठ दिवस खपून दोन्ही उडवले आणि वर स्वतःची बारीक, देखणी पट्टी काढली.

सकाळी बाबांना वापरायला दिलं. संप होईपर्यंत ते मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे, आता वाचनालय सांभाळतात. दोन मिनिटांत हाक आली, "अरे, ही नोंदीची खिडकी पुस्तकांच्या यादीवर येऊन बसलीय. हलत नाही."

"वरची पट्टी धरून ओढा ना."

"ओढतोय की."

पट्टी धरून विंडो सरकवायचा कोड मी लिहिलाच नव्हता. कडा नाहीत, त्यामुळे ती लहानही करता येईना.

बाबा म्हणाले, "किनार शोभेसाठी नसते रे. साच्यावर कापड तिथेच धरलेलं असतं. तू तीच कापलीस."

चिडून मी कोडमधली बॉर्डर काढणारी ओळ पुसली आणि जुनी बॉर्डर परत आली. बाबांनी विंडो बाजूला सारली आणि कामाला लागले. कौतुकाचा एक शब्द नाही.

प्रोग्रामर मंडळी, खरं सांगा, तुम्ही बॉर्डर कोणासाठी काढता? मी तर इथे स्क्रीनशॉट टाकायला काढली होती.