पडीक ठरवलेले आगर

तुळशीचे लग्न आटोपले आणि मी पुण्याहून ठाण्याला निघालो. या वयात आगगाडीचा प्रवास सोसत नाही. पण ठाण्याच्या विकास समितीने बोलावले होते, आणि जाण्याला माझे स्वतःचेही कारण होते.

काही वर्षांपूर्वी भर भाद्रपदात याच समितीबरोबर मी ठाण्याची खाडी पाहून आलो होतो, आणि त्या दौऱ्याचे वर्णन याच मासिकात लिहिले होते. त्यात माजिवड्याच्या बाजूच्या मिठागरांना मी 'पाण्याखालची पडीक जमीन' म्हटले. ते खरे नव्हते. मिठागर पावसाळ्यात पाण्याखालीच असते. मीठ पिकते ते पुढे उन्हाच्या दिवसांत. माझे वडील मिठाच्या नाक्यावर कारकून होते, माझे लहानपण बांधावर गेले. मला हे पक्के ठाऊक होते. समितीचे अध्यक्ष, एक वयस्क वकील, बांधावर उभे राहून म्हणाले, "नुसते पाणी आहे हो!" आणि मी मान डोलावली. लढाईच्या काळात चाललेली वर्कशॉपे बंद पडली होती, माणसे घरी बसली होती. गावाला आशेचे काहीतरी हवे होते. मोडता घालणारा माणूस कोणालाच नको होता, आणि तो माणूस मला व्हायचे नव्हते. माझ्या लेखाचा आधार घेऊन निम्मी आगरे मुरूम टाकून भरली गेली. आता उरलेली भरायची की नाही, हे ठरायचे होते.

कल्याणला अध्यक्ष भेटले. त्यांना घरांची जागा दाखवायची होती, म्हणून दोघे मिळून डोंबिवलीला उतरलो. रुळांच्या दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरे, मधेच एखादे नवे कौलारू घर. अध्यक्षांच्या एका पक्षकाराकडे भात आणि वालाचे बिरडे जेवलो. ओसरीवर पान जुळवत अध्यक्ष म्हणाले, "मुंबईतले भाडे परवडत नाही तो माणूस इथे येईल. घरे डोंबिवलीत, कारखाने ठाण्यात. मंदी काय, आज आहे उद्या जाईल. आपली तयारी हवी."

"आणि कारखाना आलाच नाही तर तो इथले भाडे कशातून देईल?"

"तुम्ही प्रवासाने दमला आहात," ते म्हणाले. दमलो होतोच.

ठाण्यात मुक्काम करून सकाळी टांग्याने माजिवड्याकडे गेलो. भरलेल्या जागेभोवती विटांची भिंत होती, फाटक होते. आत इमारत नव्हती. मुरमावर उगवलेले गवत शेळ्या खात होत्या.

टांगेवाला मागे वळून म्हणाला, "चालू आहे बरं का कारखाना, साहेब. दिवसपाळीला शेळ्या, रातपाळीला कुत्रे."

अध्यक्षांनी छत्री उघडली आणि तोंड दुसरीकडे केले.

पलीकडे उरलेली आगरे होती. कोंड्यांतले (मिठाच्या वाफ्यांतले) पावसाचे पाणी काढून टाकले होते, आणि चार बायका एकमेकींचे खांदे धरून चिखल तुडवत होत्या. हा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. मग भरतीचे पाणी आत घेतात. तळ कच्चा राहिला तर मीठ मातकट निघते आणि कोणी विकत घेत नाही. बायकांमध्ये पुढे होती ती हिराबाई, आगर तिचेच.

अध्यक्ष बांधावरून म्हणाले, "तेव्हा पाणी होते, आता चिखल आहे. मीठ कुठे आहे?"

"माघात येईल," मी म्हणालो. "ही जमीन पडीक नाही. तेव्हाही नव्हती. मी जाणूनबुजून तसे लिहिले."

ते माझ्याकडे वळले. "हे आज सांगता? निम्मे भरून झाल्यावर?"

"ह्याच इचारते मी," हिराबाई चिखलातून म्हणाली. "माझे दिराचा आगर भरलाव, तवा जीब कंच्या खिशान व्हती, आजोबा?"

बाकीच्या बायका हसल्या. मग मी अध्यक्षांना एवढेच म्हटले, की भरलेल्या जागेवर आधी काहीतरी उभे राहू द्या, मग पुढची मागा.

"मंदीत कारखानदार दहा जागा बघून एक घेतो," ते म्हणाले. "आपण तुकडा दाखवला तर तो पुढच्या गावाला जाईल. मला काय या बायकांशी वैर आहे?" त्यांचाही आवाज थकलेला होता. बराच वेळ ते छत्रीच्या टोकाने बांध टोकरत राहिले. शेवटी म्हणाले, "माघात येऊन बघतो. तोवर याला हात लावणार नाही. पण तेव्हा मीठ दिसले नाही, तर मग माझ्याकडे येऊ नका."

ते टांग्याकडे गेल्यावर हिराबाई बांधावर चढली. "माघान दाखवू काय? माझा कपाल? चौघींनी कितीक तुडवायचा? दीर रोज शहाडला कारखान्याचे फाटकाव जाऊन बसतो. तुमी कल्यानवरनाच जाल ना? त्याला सांगा, धर्मा, वयनीनं बोलावलाय." मग भाकरी आणि सुकट फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "त्याचेसाठी हाय. वाटंत तुमी खाव नका."

शहाडला फाटकासमोर माणसे भिंतीच्या सावलीत ओळीने बसली होती. धर्माला शोधायला फार विचारावे लागले नाही. तिशीचा माणूस, पोटऱ्यांवर मिठाचे जुने चट्टे. मी कोण आणि काय लिहिले होते, ते आधी सांगितले; मग निरोप दिला आणि फडके पुढे केले. तो भाकरी खाऊ लागला.

"मुकादम बोल्ला, उद्या आत घेतो," तो म्हणाला. "मी आगराव गेलो, मीठ पिकवला, आनि तुमचे अध्यक्षानं तरी भराव टाकला तं?"

"तसेही होईल. मला हमी देता येत नाही."

"पैल्यांदा खरा बोल्लाव." त्याने उरलेली अर्धी भाकरी शेजाऱ्याला दिली. "घे, माझी जागा तू घे."

"जा रे जा," शेजारी म्हणाला. "पोट भरतंय का तुझ्या मिठावर?"

"नाय भरत. म्हनून तं हितं बसलो व्हतो." धर्मा उठला आणि फडके झटकून खांद्यावर टाकले.

कल्याणला तो ठाण्याच्या गाडीत चढला, मी पुण्याच्या.

घरी येऊन हे लिहीत आहे. गावाच्या भवितव्यावर मी आयुष्यात बरेच लिहिले. त्यातल्या एका वाक्यावर एक माणूस उपाशी बसला होता, हे लिहिताना दिसले नव्हते. आता माझ्या एका निरोपावर त्याने हातातोंडाशी आलेले काम सोडले आहे. बोलावणे येवो न येवो, माघात मी त्या बांधावर जाणार आहे. मीठ पिकले तर ती त्यांची मेहनत. नाही पिकले, तर धर्माला जे बोलायचे असेल ते ऐकायला मी समोर असलो पाहिजे.