काकांनी ठेवलेलं प्रस्थान

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला चौथीतसुद्धा बसला नव्हता. तेव्हा ही वही चुकून कुणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी न चुकता लिहू शकते. निजामाच्या अमलात, माझ्या तरुणपणी, अख्ख्या परभणी जिल्ह्यात माझ्या धाकट्या काकांएवढा मोठा मुराळी झाला नाही. लेकीला सासरहून माहेरी आणायला जातो तो मुराळी. आमचे वडील लवकर गेले, भाऊ नव्हता, आणि काकांनी लग्न केलं नाही. त्यामुळे आम्हा चार बहिणींना माहेरी, पिंगळीला आणायचं आणि परत पोचवायचं, हाच त्यांचा संसार झाला. कुणी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणायचे, "दुसरीला सोडून आलो, आता थोरलीला आणायचंय."

प्रवासाचे जेवढे म्हणून नियम असतील तेवढे काकांना पाठ होते, आणि नसलेले ते स्वतः करत. कुठल्या वारी कुठल्या दिशेला जायचं नाही, निघताना कोणता पाय आधी, मागे विसरलेली वस्तू आणायला वळलं तर किती वेळ बसून पाणी प्यायचं, सगळं ठरलेलं. एकदा दुसऱ्या बहिणीला न्यायला गाडी जुंपली आणि डावा बैल शिंकला. माणसाची शिंक वाईट हे ठाऊक होतं, पण बैलाची धरायची की नाही? काका जोशीबुवांकडे विचारायला गेले. जोशीबुवा दुसऱ्या गावी गेले होते. बहीण तिकडे सासरी गाठोडं बांधून दोन दिवस दारात बसून होती. वाटेत प्रत्येक ओढ्याला ते पोरं मोजायचे आणि शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून स्वतःलाही मोजायचे. "मी हाय का न्हाई ते बी बघाय पायजे की!"

मी ताडकळसला दिलेली. ज्या वर्षाची गोष्ट सांगते त्या वर्षी माझी मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा आठ महिन्यांचा. बाळंतपण सासरीच झालेलं, म्हणून आईनं मुलाला अजून पाहिलं नव्हतं. मला एकाआड एक दिवस हिवताप येत होता. त्यातच काका दारात उभे राहिले. सासूबाई पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात मला हळूच म्हणाले, "बायडे, वहिनीचा एक डोळा तर गेलाच हाय. दुसऱ्यानं माणूस दिसतं, पर कोण हाय ते जवळ आल्याबिगर कळंना झालंय. लेकराचं तोंड बघायचं म्हणती. पुढच्या महिन्याचं काई खरं न्हाई."

सासूबाई वाईट नव्हत्या. पण म्हणाल्या, "व्याहीबुवा, अंगात ताप असलेली सून धाडली तर गाव मला काय म्हणंल? पुढच्या महिन्यात न्या."

"गावाला सांगा, तिचा काका लय हट्टी हाय."

शेवटी बिनतापाच्या दिवशी न्यायचं ठरलं. तो आला शुक्रवार. आणि पिंगळी पडली पश्चिमेला. शुक्रवारी पश्चिमेला जायचं नाही. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. काका खूश झाले, कारण त्यावरचा तोडगा त्यांना ठाऊक होता. आदल्या दिवशी चांगल्या वेळेला प्रवासाचं गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघालं असं धरायचं. मात्र ते घरात परत आणायचं नाही आणि वाटेला लागेपर्यंत गाठ सोडायची नाही. आणलं किंवा सोडली, तर प्रवास मोडला.

गुरुवारी सकाळी काकांनी स्वतः गाठोडं बांधलं आणि शेजारच्या कासारीणबाईंच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. दुपारी मला हुडहुडी भरली. सासूबाई कोनाड्यात हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या शोधू लागल्या. डबे पालथे घातले. काका दारातून म्हणाले, "त्या मी बांधल्या की. वाटंत लागतील म्हून."

"कशात बांधल्या?"

काकांनी कासारणीच्या ओसरीकडे बोट केलं.

"मग आणा जावा!" सासूबाई ओरडल्या. "का पोर मरू देता?"

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. गाठोडं आणलं तर जाणं मोडतं, आणि मोडलं की सासूबाई परत धाडणार नाहीत. न आणावं तर माझे दात वाजत होते. शेवटी काका म्हणाले, "गाठोडं इकडं येत न्हाई. पोरगी तिकडं जाईल." आणि मला दोन गोधड्यांसकट उचलून वीस पावलांवरच्या ओसरीवर नेऊन निजवलं.

आता गाठ. कासारीणबाई म्हणाल्या, "गाठ कशाला सोडता? कडंनं बोटं घाला." लोकांच्या हातात बांगड्या भरून त्यांची बोटं कुठेही शिरत. काका गाठोडं धरून बसले आणि त्या चाचपू लागल्या. आधी हळकुंड निघालं, मग सुपारी, मग मुलाचं टोपडं, मग काकांची तंबाखूची पिशवी. "आता तुमची धोतरं बी काढू का?" असं त्या म्हणतात तोच पुडी हाताला लागली. एवढ्या तापातही मला हसू आलं.

गोळी पोटात गेल्यावर मी घरी जायला उठू लागले, तर काका आडवे. "कुठं निघालीस? तू तर प्रवासाला निघालीस न्हवं? आता मागं फिरायचं न्हाई." झालं. मी आणि दोन्ही लेकरं दुसऱ्या दिवसापर्यंत कासारणीकडे, आमच्याच घराशेजारी, परगावी असल्यासारखी राहिलो. सासूबाईंनी कुंपणावरून आमटी-भात दिला आणि चिडूनच विचारलं, "सुखरूप पोचलीस ना?" संध्याकाळी मुलांचे वडील शेतातून आले, ते ओसरीबाहेर जोडे काढून पाहुण्यासारखे बसले. पण जाणं मोडलं नाही.

शुक्रवारी वाटेत ताप आला नाही. अंगात त्राण मात्र नव्हतं. मुलाला काकांनी सगळी वाट मांडीवर घेतलं, त्याच्यावर छत्री धरली आणि स्वतः उन्हात भाजून निघाले.

पिंगळीला पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. आमच्याकडे बाहेरून आलेल्या लेकरांवरून भाकरीचा तुकडा उतरवून टाकतात. ते सवाशिणीनं करायचं. आई विधवा, म्हणून ती दर वेळी आतल्या अंधारात उभी राहायची आणि काकाच शेजारच्या बाईला हाक मारायचे. त्या दिवशी शेजारीण तुकडा घेऊन उभीच होती. काका मुलाला घेऊन उतरले, तिच्या हातातला तुकडा घेतला आणि दारापाशी गेले.

"वहिनी, भाईर या. उजेडात या."

"अवो, मी कशी..."

"तुमीच उतरवा. घ्या हातात."

आई बाहेर आली. तिनं तुकडा उतरवून टाकला. मग तिनं मुलाला घेतलं, त्याचं तोंड उन्हाकडे वळवलं आणि आपल्या नाकाशी लागेल इतकं जवळ धरून पुष्कळ वेळ पाहिलं. "भुवया ह्यांच्या हायत," एवढंच म्हणाली. आमच्या वडिलांच्या भुवया जुळलेल्या होत्या.

त्या दिवाळीपर्यंत आईचं दिसणं पुरतं गेलं. पुढची नातवंडं ती हातानं चाचपून ओळखायची. पण माझा मुलगा जवळ आला की आल्यागेल्याला सांगायची, "ह्याला मी बघितलंय." ते ऐकलं की काका उठून बैलांना पाणी पाजायला जायचे. बैल नुकतेच पाणी पिऊन आलेले असले, तरीही.