कोमट दुधाचा आकडा

दूध पाण्यापेक्षा जड असतं, ही गोष्ट मी तेरा वर्षांची असताना शिकले. ते तापलं की हलकं होतं, हे मला त्यानंतर नऊ दिवसांनी कळलं. त्या नऊ दिवसांत आणि त्यानंतर जे झालं ते मी तुमच्या आजोबांनाही कधी पूर्ण सांगितलं नाही. तुम्ही पत्रातून विचारता, आजी, तुमच्या शाळेत प्रयोग करायचे का? करायचे. त्यातला एक लिहिते, आणि क्रमानेच लिहिते, नाहीतर मधलं काहीतरी गाळायचा मोह मला होईल.

बुलढाण्याला मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात आम्ही बावीस जणी होतो. मी अमडापूरहून आलेली. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि शाळेचं सामान नागपूरहून पेट्यांत भरून येई. वसतिगृहाला दूध घालणारी बाई विधवा होती. माहेर देऊळघाटचं, पण भावाच्या दारी न जाता ती गावाच्या कडेला स्वतःच्या घरात राही आणि दोन म्हशींवर आपली चूल चालवी. आम्ही तिला मावशी म्हणायचो.

आमच्याकडे दुधाची पारख हातानं होई. चरवीला हात लावायचा. ती गरम लागली आणि वर फेस दिसला की समजायचं, धार आत्ताच काढली आहे, पाणी घालायला वेळच मिळालेला नाही. गार दूध बायका परत पाठवत. म्हणून मावशी चरवीला घोंगडीचा तुकडा गुंडाळून जवळजवळ धावतच येई. गरम दूध हीच तिच्या इमानाची खूण होती.

त्या वर्षी नागपूरच्या पेटीत एक लॅक्टोमीटर आला. काचेची बंद नळी, खाली फुगा, त्यात छर्रे. दुधात सोडली की उभी तरंगे. नळीवर खुणा होत्या. सर्वांत खाली एम, म्हणजे चोख दूध. त्यावर तीन, दोन, एक, आणि सर्वांत वर डब्ल्यू, म्हणजे निव्वळ पाणी. द्रव जितका हलका तितकी नळी खोल बुडते आणि वरची खूण पातळीला येते.

वसतिगृह आणि शाळा दोन्ही सांभाळणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंनी सकाळीच सगळ्यांना अंगणात बोलावलं. इंग्रजीत माझा पहिला नंबर, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मावशीनं नेहमीसारखं फेसाळ दूध उंच काचेच्या भांड्यात ओतलं. नळी बुडाली आणि एम व तीन यांच्या मधोमध थांबली. फेसामुळे नीट दिसत नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "मधलं काय सांगतेस? आकडा सांग."

मी म्हटलं, "तीन."

"म्हणजे?"

"चार भागांत एक भाग पाणी."

मी हे मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या दोन घरच्या बायका आपापलं दूध घ्यायला फाटकाशी उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं. मावशी आधी हसली. तिला वाटलं, पोरींचा काही खेळ चालला आहे. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी पानी नाही टाकलं, बाई," ती मोठ्या बाईंना म्हणाली. "काऊन टाकू? लेकरं पेतात."

मोठ्या बाई म्हणाल्या की काच खोटं बोलत नाही. दुसऱ्या दिवसापासून दुसरा गवळी आला. आठवड्याच्या आत मावशीची बाकीची घरंही सुटली. वसतिगृहात मुली म्हणू लागल्या, मावशीची म्हैस विहिरीतच बांधलेली असते. मीही त्यावर हसले. हे गाळायचं नाही, म्हणून लिहिते.

नवव्या दिवशी शास्त्राच्या बाईंनी एक बाटली रंगीत पाण्यानं काठोकाठ भरली, बुचातून बारीक नळी घातली आणि बाटली कढत पाण्यात ठेवली. नळीतलं रंगीत पाणी वर चढू लागलं. बाई सांगत होत्या, पाणी तेवढंच आहे, पण तापल्यावर जागा जास्त घेतं. म्हणून तेवढ्याच मापाचं गरम पाणी गार पाण्याहून हलकं भरतं. "सगळे द्रव असेच," त्या म्हणाल्या.

मला मावशीची गरम चरवी आठवली. तास संपल्यावर मी कपाटातला लॅक्टोमीटर मागून घेतला. नळीच्या आतल्या कागदावर, आकड्यांच्या खाली, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की हे माप साठ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे गार दुधासाठी आहे. म्हशीच्या अंगातून नुकतं निघालेलं दूध साठ अंश नसतं, शंभराच्या आसपास असतं. वर्गातली पहिली इंग्रजीवाली मी, आणि ती ओळ मी वाचली नव्हती.

शास्त्राच्या बाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, दाराकडे पाहिलं आणि मला हळूच सांगितलं की परीक्षा जवळ आली आहे, तू अभ्यासात लक्ष घाल. नोकरीत त्यांना वर्षही झालं नव्हतं.

संध्याकाळी स्वयंपाकीणबाईंच्या हातापाया पडून मी नव्या गवळ्याचं दूध मागून घेतलं. अर्धं भांडं माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलं, अर्धं निखाऱ्यावर हाताला सोसेल इतकं कोमट केलं. मग मोठ्या बाईंना घेऊन आले. गार दुधात नळी एमवर थांबली. कोमट दुधात ती पुन्हा मधोमध गेली. दूध एकाच चरवीतलं होतं.

मोठ्या बाईंनी दोन्ही भांड्यांना हात लावून पाहिला. त्यांना कळलं होतं. मी त्यांना म्हटलं, मावशीला परत बोलवा, गावात सांगा. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्या म्हणाल्या, "घरोघर जाऊन काय सांगू? माझ्या शाळेत कुणाला आकडा वाचता येत नाही, हे? मुलींच्या शाळेवर डोळा ठेवून बसलेत सगळे, कधी चुकते म्हणून." आणि नळी पुसून त्यांनी कपाटात ठेवली.

रविवारी मंदिरात जाते असं खोटं सांगून मी शेजारच्या वकिलांच्या घरी गेले. वकिलीणबाई त्या दिवशी फाटकाशी होत्या, आणि त्यांच्या तोंडूनच बातमी पसरली होती. मी उष्णता, घनता, साठ अंश, सगळं सांगितलं. इतक्या घाईनं सांगितलं की मलाच ते खोटं वाटू लागलं. त्यांनी मला बसायला पाट दिला, हातावर गूळ ठेवला आणि शांतपणे विचारलं, "पोरी, तू तेव्हा चुकलीस का आता चुकतेस? तुझ्या कोणत्या बोलण्यावर मी दूध घेऊ?"

गूळ हातात तसाच घेऊन मी वसतिगृहात परत आले. दुसऱ्या घरी गेले नाही.

सोमवारी सकाळी आम्ही रांगेनं शाळेत जात होतो. देऊळघाटच्या रस्त्यावर मावशी दिसली. डोक्यावर गाठोडं, हातात दोर, मागे दोन्ही म्हशी. मी रांग सोडून धावले आणि दोर धरला. मागून मोठ्या बाईंची हाक आली. मी एका दमात सगळं सांगितलं: काच, गरम दूध, न वाचलेली ओळ.

तिनं ऐकून घेतलं. "म्हंजे माह्या दुधात पानी नव्हतं, हे तुले आता समजलं."

"हो, मावशी."

"मले तं पयलेच ठाव होतं, माय."

मी म्हटलं, जाऊ नका, मी आज सगळ्या घरी जाते, एकेका घरी दोन्ही भांडी घेऊन जाते. माझं रडणं थांबत नव्हतं. ती म्हणाली, "जाय. पन भावजय आज घरात घेऊन राह्यली. उद्या घेईन का नाही, कोनं सांगावं?"

म्हैस पुढे ओढू लागली, तरी मी दोर सोडला नाही. मावशीनं गाठोडं एका हातानं सावरलं आणि दुसऱ्या हातानं माझी बोटं एकेक करून दोरावरून सोडवली. तिची बोटं खरखरीत होती आणि ती मला दुखणार नाही अशा बेतानं सोडवत होती.