तीन वर्षांचा कित्ता घेऊन निलंग्याला

मी धरसोड बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. हार्मोनियम सहा महिने, शिवणकाम चार, कानडीचा वर्ग तर तीनच आठवडे. नांदेडच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते, टिकून आहे ती तेवढ्या एका जागी. त्यामुळे मोबाइलवर बघून मी ब्रशाने चिनी अक्षरं काढायला लागले, तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "ह्ये कुठवर?"

तीन वर्षं झाली. रोज ड्युटीआधी पाऊण तास, जुन्या वर्तमानपत्रांवर कित्ता. पण ते तपासणार कोण? निलंग्याजवळच्या एका विहारात तैवानला शिकून आलेले भंते राहतात, असं कळल्यावर मी फोन केला. "फोटो नका पाठवू, ताई. कागद आणा. फोटोत हाताचा दाब दिसत न्हाई. अन् चारच्या आत या, मला पुढं जायचंय." फोन ठेवताना मी ठरवून टाकलं. बरोबर आहे म्हणाले तर पुढे चालू, चुकलंय म्हणाले तर हेही बंद. आणि मग आयुष्यात मी काहीच धड केलं नाही, हे एकदाचं कबूल करायचं.

नांदेडहून निलंग्याला जायचं तर लातूरवरून जा. मला मात्र वाटेत उदगीरचा किल्ला बघायची हौस, म्हणून सकाळी नायगाव-मुखेडवरून जाणारी उदगीरची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, तेवढंच सुख. कागद चुरगळू नयेत म्हणून नळाच्या कामातून उरलेल्या पीव्हीसी पाइपात गुंडाळून घेतले होते. नायगावला शेजारी बसलेल्या बाईंची नजर त्या पाइपावरून हलेना.

"काय हाय वो ह्येच्यात?"

"कागद आहेत."

"जमिनीचे?"

"नाही. चिनी अक्षरं लिहिते मी."

"चायनावाले यायलेत का तुमच्याकडं?"

"कुणी नाही येत."

"मंग कशापायी?"

मी पाइप उचलून खिडकीच्या बाजूला ठेवला. मुखेड येईपर्यंत तो प्रश्न काही उतरला नाही.

उदगीरच्या स्टँडजवळ सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ती भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट. मस्त होती, पण मी उभ्याउभ्याच संपवली. निलंग्याची गाडी लागलेली नव्हती. चौकशीच्या खिडकीतून उत्तर आलं, "येईल की. लागली की बसा." किल्ला राहिला बाजूला. मी पाइप काखेत मारून फलाटावर येरझाऱ्या घालत होते, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत. गाडी सव्वा वाजता आली. देवणीच्या पुढे रस्त्याने हाडं खिळखिळी केली, मागच्या बाकावर कानडी सुरू झालं, दोन्हीकडे ऊस. तीन आठवड्यांच्या शिदोरीवर मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

विहारात पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. भंते पन्नाशीचे, मूळचे इकडचेच. पाणी दिलं, पाइप स्वतः उघडला, कागद सतरंजीवर पसरून चारी कोपऱ्यांवर चपला सोडून मिळेल ते ठेवलं: पुस्तकं, तांब्या, चष्म्याचं घर. मग एकेक कागद वाकून बघितला.

"रियाज लई हाय, ताई. दिसायलाय."

मी खुलले. त्यांनी एका अक्षरावर बोट ठेवलं. शांततेचं अक्षर. त्यात वर छप्पर असतं आणि छपराखाली बाई.

"आता ह्येच्याच बाजूला तुमचं नाव लिहा. मराठीत."

मी लिहिलं, वर सवयीने ठसठशीत रेघ ओढली. भंतेंनी दोन्हींकडे आळीपाळीने बोट नेलं.

"बघा. आपलं अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतंय. दोरीवरच्या कपड्यावाणी. त्येंचं अक्षर खाली पाय टेकून उभं राहतंय. तुमचं छप्पर जाडजूड, अन् खालची बाई लोंबकळायली. सगळ्याच कागदांवर तसंच हाय."

एकदा दिसल्यावर ते दिसेनासं होईना. पन्नास कागद, पन्नास लोंबकळणाऱ्या बाया.

"मग मी तीन वर्षं काय केलं, भंते?"

"चूक पक्की केली," ते म्हणाले, अगदी प्रेमाने. मला संताप आला, रडूही आलं. "मी शिकवणारा न्हाई. तिकडं माझंच अक्षर सगळ्यात वाईट होतं. म्हणून तर चूक लगेच दिसती." चार वाजले आणि ते त्यांच्या गाडीत बसून गेले.

निलंगा चौकात हातगाडीवर निलंगा राईस मिळतो, लालभडक, सोबत भजी. शंभराच्या आत दोघांचं पोट भरेल. मी एकटीने रागारागात खाल्ला. लातूरची गाडी लगेच मिळाली, लातूरहून नांदेडचीही. दिवसभरात पहिल्यांदाच सगळं वेळेवर होत होतं आणि मला कुठेच पोचायची घाई उरली नव्हती.

घरी नवरा कुकर लावत होता. "काय म्हणले?"

"सगळं चुकलंय."

"मंग सोडायलीस का?"

"हो," मी म्हणाले आणि तडक गॅलरीत जाऊन रद्दी बांधायला घेतली. तीन वर्षांचा गठ्ठा उलटा झाला आणि तळाचे कागद वर आले. पहिल्या आठवड्यातले. तेव्हा एक अक्षर काढायला मला दहा मिनिटं लागायची. मध्ये मध्ये व्हिडिओ थांबवून बघायचे, हात थरथरायचा, शाई फुटायची. घाणेरडी अक्षरं. पण छप्पर हलकं होतं आणि खालची बाई दोन्ही पाय टेकून उभी होती.

हात बसत गेला तशी ती लटकत गेली होती.

तो एक कागद मी भिंतीला चिकटवलाय आणि रोज सकाळी त्याची नक्कल करते. अजून जमलेली नाही.