दोन वाजेपर्यंतच्या खुणा

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात मी चार वर्षं कामाला होते. आम्हा बायकांना तिथे मावशी म्हणत. आंघोळी घालायच्या, भरवायचं, डायपर बदलायचे आणि दर तासाला प्रत्येकीपाशी जाऊन ती ठीक आहे ना ते बघायचं. बघून झालं की रजिस्टरमध्ये त्या तासाच्या चौकटीत खूण करायची. माझ्याकडे नऊ जणी होत्या. त्यातली एक मला मुळीच आवडत नसे.

ती पूर्वी मुख्याध्यापिका होती. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. डावा हात मात्र शाबूत होता आणि त्या हातानं ती चिमटे काढायची. घास तोंडावर थुंकायची. माझ्या दंडावर कायम दोन-तीन काळेनिळे डाग असत.

एप्रिलमधला शनिवार होता. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीतली माणसं फळं वाटायला आणि गाणी म्हणायला येणार होती. आश्रम चालवणाऱ्या मॅडमनी सकाळीच सांगितलं, "जे नीट बसतात त्यांनाच हॉलमध्ये आणा. बाकीचे फोटोत नकोत."

या म्हातारीला हॉलबाहेर ठेवायचं हे ठरलंच. खोलीत ठेवता आलं असतं. पण त्या सकाळी कपडे बदलताना तिनं माझ्या मानेला असा चिमटा काढला की रक्त आलं. मी तिची चाकाची खुर्ची इमारतीच्या मागे, कपडे वाळत घालतो तिथे नेली. तोंड भिंतीकडे केलं आणि ब्रेक लावले. ती माझी ओढणी सोडेना. मी तिची बोटं एकेक करून उलगडली.

एरवी मी तिला अहो-जाहो करायचे. तेव्हा म्हणाले, "बस आता. भिंतीला काढ चिमटे."

तिथे सकाळी सावली असते. अकरानंतर ऊन येतं. रोज कपडे मीच वाळत घालायचे, त्यामुळे हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही.

पाहुणे अकराला आले. त्याआधी मॅडम म्हणाल्या, "रजिस्टर पूर्ण दिसू दे, ते लोक बघायला मागतात." मी टेबलापाशी उभ्या उभ्याच नऊही जणींच्या दोन वाजेपर्यंतच्या खुणा करून टाकल्या. मग हॉलमध्ये गेले. गाणी चांगली झाली. मीही टाळ्या वाजवल्या. नंतर जेवणं, नंतर भांडी. मधे एकदा ती आठवली होती. बसू दे अजून थोडी, असं मनात आलं, आणि मग खरंच विसरले.

दोनच्या सुमाराला दुसरी मावशी कपडे काढायला गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, "अगं, म्हातारी हितं हाय. उठत नाय गं."

मान छातीवर पडली होती. ओठ फुटले होते. डावा हात खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर होता, तो उचलला तेव्हा कातडी दांड्यालाच राहिली. उजवा हातही तसाच भाजला होता, त्याला तर तिला काही जाणवलंही नसेल. जमिनीवर चाकांपाशी ओल होती, तीही सुकत आली होती. ओला टॉवेल ठेवल्यावर तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

तिला कर्जतला दवाखान्यात नेलं. गाडी गेल्यावर मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं आणि रजिस्टर उघडलं.

"खुणा आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं तर."

तिच्या मुलाला फोनवर सांगितलं, उन्हाळ्यानं ताप चढला. हाताला काय झालं, ते त्यानं विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

आठवड्यानं तिला परत आणलं. मी खोलीत गेले की ती डोळे मिटून घ्यायची. चिमटे थांबले. चमचा ओठाला लागला की तोंड उघडायची, गिळायची, पुन्हा उघडायची. मॅडम म्हणाल्या, "बघ, सुधारली की नाही." खरं सांगायचं तर मलाही ते सोपं वाटलं. आपण हे केलं, हे मनात यायचं. पण काम लवकर आटपतंय, हे आधी यायचं.

अठराव्या दिवशी ती गेली.

मुलगा सामान न्यायला आला. मॅडमनी त्याला रजिस्टर दाखवलं. त्यानं त्या शनिवारच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे हात जोडले.

"ताई, तुम्ही तासातासाला बघत होतात. आम्हाला घरी हे जमलं नसतं."

मी मान हलवली.

"शेवटी काही म्हणाली का?"

तिला वाचा नव्हती हे तो विसरला होता. मी म्हणाले, "तुमची आठवण काढत होत्या."

तो तिथेच खुर्चीवर बसून रडला. मी त्याला पाणी आणून दिलं, आणि तो निघाल्यावर तिची गादी उन्हात टाकली. संध्याकाळी त्या खाटेवर नेरळची एक बाई यायची होती.