समोरचा रिकामा पाळणा

या सदरातले अनुभव वाचून मी बरेचदा हसते, हे आधीच सांगून टाकते. मी शाळेत गणित शिकवलं. वर्गात कुणी भुताचं नाव काढलं की त्याला फळ्यापाशी बोलावून त्रैराशिक घालायची... भूत आपोआप पळायचं! आता मीच हे लिहायला बसलेय. हसायचं तर हसा, या वयात लाज कसली.

महायुद्ध चालू होतं, रॉकेलची मारामार होती, तेव्हाची गोष्ट. आपला जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेश. माझं माहेर कोरीट, सासर शहाद्याकडे. त्या पौषात माझी माय गेली. निरोप मिळून बैलगाडीने पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. शेवटची भेट काही झाली नाही, आणि ते मला आजही सोसत नाही.

माय अंगाने चांगली दणकट, धट्ट्याकट्ट्या बांध्याची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावाबाहेर लहानशी जत्रा भरायची, तिथे नथूभाऊ नावाचा माणूस लाकडी पाळणा आणायचा. दोन उंच खांब, मध्ये आडवा कणा, त्यावर फिरणारे चार पाळणे. सगळं हाताने. त्याचं गणित एकच – समोरासमोरच्या पाळण्यांत सारखं वजन. बॅलन्स चुकला आणि हात सुटला, तर जड बाजू धाडकन खाली. नथूभाऊ नुसतं माणसाकडे बघून जोड्या लावायचा. मायला बसायची भारी हौस. ती पुढे झाली की तो दरवर्षी ओरडायचा, "मावशी, तुन्हा समोर दोन जन लागतीन! लई ये, मंग बठ!"

लोक हसायचे, मायही हसायची. आम्ही भावंडं समोर बसतो म्हटलं तरी पदर तोंडाला लावून म्हणायची, "ऱ्हाऊ दे, पुढला साल बठसू." एकदाही बसली नाही.

ती गेल्यानंतरची पहिली आखाजी आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांसाठी मातीची घागर पाण्याने भरून पुजतात, आणि माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात. एकाच दिवशी दोन्ही. सकाळी मायच्या नावाची घागर भरली. दुपारी माझी तीन वर्षांची सुमी पाळण्यासाठी रडून रडून लाल झाली. गंगूवहिनी, माझी भावजय, म्हणाली, "नको बाई. घरमा दुःख शे, औंदा झोका नको."

मला राग आला. कशाचा, ते आज कळतं. तेव्हा वहिनीवर काढला. "माय नही, तर माहेर तरी कसानं? मी बठसूच!" म्हणून सुमीला कडेवर घेऊन निघाले. बिचारी वहिनी मागोमाग आली.

मी आणि सुमी एका पाळण्यात बसलो. नथूभाऊने अर्धा फेरा देऊन आम्हाला पार वर नेलं, समोरचा पाळणा खाली आला. त्यात वहिनी बसली. ती काडीसारखी, म्हणून तिच्यासोबत ठेवायला नथूभाऊ वाळूचं पोतं आणायला वळला. पाळण्याला बांबूचा टेका लावून त्याचा गडी उभा होता. तेवढ्यात वहिनीने वर बघितलं, तिला भोवळ आली आणि ती पटकन उतरली.

कडाड् आवाज झाला. बांबू मोडला, गडी उताणा पडला. आता पाळणा धरायला कुणीच नव्हतं. वर आम्ही दोघी, खाली रिकामा पाळणा, बाजूचे दोन्हीही रिकामेच. आमचा पाळणा हातभर कलला... मी सुमीला छातीशी आवळून डोळे मिटले. माझं काही होवो, पोर वाचू दे, एवढंच म्हणत होते.

आणि पाळणा थांबला.

नथूभाऊ पळत आला, त्याने एक दांडा धरला. म्हणाला, "हालू नको, बाई!" मग हळूहळू आम्हाला खाली घ्यायला लागला. अर्ध्यावर आलो तेव्हा समोरचा पाळणा माझ्या डोळ्यांपुढे, बरोबर माझ्याच उंचीवर होता. रिकामा. वैशाखातला वारा सुटला होता, वरचा आणि खालचा पाळणा कुरकुरत हलत होते. तो हलत नव्हता. मला काही दिसलं नाही, मी खोटं लिहिणार नाही. सुमीने तर डोळेच उघडले नव्हते.

आम्ही खाली उतरलो. वहिनी सुमीला घेऊन रडत होती. नथूभाऊ आपल्या हाताकडे बघत उभा होता.

"समोर कोन बठेल व्हतं?" त्याने विचारलं.

"कोनीच नही. मी तर उतरी गयथू," वहिनी म्हणाली.

"मी एक हातवर उतारं यास्ले. जोर लागनाच नही. तोल बरोबर व्हता... मन्हा हात चुकत नही, बाई."

कणा अडकला असेल, असं मीच म्हणाले. त्याने दांड्याला नुसतं बोट लावलं. पाळणा गरकन फिरला.

मग इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, "मावशी कोठे शे? औंदा उनी नही?"

"पौषमा गई," मी म्हणाले.

त्या दिवशी त्याने पुन्हा कुणाला पाळण्यात बसवलं नाही.

पुढे मी शिकले, मास्तरीण झाले, तरफ आणि तोल मुलांना शिकवला. कागदावर हे गणित कितीदा तरी मांडलं. कणा क्षणभर आवळला असेल, वाऱ्याने रेटलं असेल... एकही उत्तर शेवटपर्यंत जात नाही. तुमच्यापैकी कुणाला सुटलं तर जरूर कळवा, मी ऐकून घेईन.

पण एक गोष्ट मी आजवर वहिनीलाही बोलले नाही. नथूभाऊ मायला दरवर्षी सांगायचा, समोर दोन जण लागतील. त्या दुपारी समोर दोन जण होते. मी आणि सुमी.